बदल की जा

टिक् टिक् टिक् टिक्.

घर चिडीचूप होतं आणि बाहेरच्या खोलीतून हा आवाज आला. हलका, एका लयीत, भिंतीवरच्या घड्याळापेक्षा जरा चपळ. नळ गळत असता तर ती कूस बदलून पुन्हा झोपली असती. पण हा आवाज तिच्या सायकलच्या मागच्या चाकाचा होता. पायडल न मारता गाडी ढकलत नेली की चाक असं टिकटिकतं, आणि प्रत्येक चाकाची टिकटिक वेगळी असते, जशी प्रत्येक तान्ह्याची रड वेगळी. हे लोकांना सांगून पटत नाही. आयांना पटतं.

डोळे न उघडताच तिने ओळखलं, नवरा आपली निळी सायकल दाराबाहेर काढतोय. दुसऱ्या बाईसाठी.

हे वाक्य असं सुटं उचललं तर भलताच अर्थ निघेल. तसं काही नव्हतं. नवरा सरळ माणूस. मोटार शिकवण्याच्या शाळेत नोकरीला, दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांना ब्रेक लावणारा. आज शर्यत होती, गाडी मैदानावर पोचवायची होती, म्हणून तो ती काढत होता. इतकंच. पण झोप उडायला इतकंही पुरतं.

कुशीत ठमी होती, चार वर्षांची, एक पाय आईच्या बरगडीत रुतवून झोपलेली. तिने तो पाय अलगद सोडवला, त्याच्या तळव्याला नाक लावलं, आणि उठली.

त्यांचा क्लब म्हणजे मोजून नऊ माणसं. शहाणी माणसं चिखल चुकवून सायकल चालवतात, ही मंडळी चिखल हुडकून चालवत. पाऊस पडून गेला की एखाद्या उताराच्या माळावर दोऱ्या बांधून वाकडातिकडा रस्ता आखायचा आणि त्यावर फेऱ्या मारायच्या. जिथे चाक रुतेल तिथे उतरायचं, गाडी खांद्यावर टाकायची आणि पळायचं. क्लबचा म्होरक्या होता बेकरीवाला. पहाटे तीनला भट्टी पेटवणारा, पन्नाशीचा, पोट सुटलेला, तरी उतारावर कुणाला न ऐकणारा. त्याचं म्हणणं असं की कणीक काय नि चिखल काय, हाताला कळतं तेच खरं.

त्यानेच तिला एकेकाळी ‘घोरपड’ म्हणायला सुरुवात केली होती. बाकीचे ज्या चढावर उतरून पळत, तिथे ती गाडीवरच राहायची, चिकटून, दात ओठ खाऊन. लग्नाआधीची गोष्ट. नवऱ्यानेही तिला पहिल्यांदा पाहिलं ते चढाच्या वर उभं राहून, आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घातली की ती वर पोचल्यावर आधी त्याच्यावर चिडली आणि मग त्याच्याशी लग्न केलं.

मग ठमी झाली. पोट फाडून झाली, त्यामुळे पहिलं वर्ष वाकण्यातच गेलं. दुसरं दूध तोडण्यात, तिसरं लॅबमधल्या नोकरीत. ती रक्त घ्यायची लोकांचं. सकाळी साडेसहापासून रांग, हात सैल सोडा काका, इकडे बघू नका मावशी, झालं. निळी भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली. क्लबमध्ये कधीमधी गेली तर सगळे ‘वहिनी, या’ म्हणत. घोरपडीची वहिनी कधी झाली, कुणाला कळलंही नाही.

आणि मग क्लबात चष्मेवाली आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, सव्वीस वर्षांची, लांब पायांची, प्रत्येक गोष्टीला ‘हो का, सांगा ना’ म्हणणारी. तिला गाडी नव्हती. नवऱ्याने घरी येऊन विचारलं, निळी देऊया का तिला, नाहीतरी टांगलेलीच आहे. ती तेव्हा ठमीला वरणभात भरवत होती. ‘ने की,’ ती म्हणाली, ‘धूळ तरी खाणार नाही.’ आपल्या हाताने दिली. पुढे वर्षभर ती स्वतःलाच त्या ‘ने की’बद्दल कोसत राहिली, कारण दुसऱ्या कुणाला कोसायची सोय नव्हती.

चष्मेवालीचा राग यावा असं तिच्यात काही नव्हतं, हेच तर दुखणं. उर्मट असती तर बरं झालं असतं. ही बया गाडी परत करताना साखळीला तेल घालून परत करायची. ठमीसाठी दुकानातून बिनकाचेची लहान फ्रेम घेऊन आली, तर ठमी आठवडाभर ती घालूनच झोपली. ‘तुमच्याकडून शिकायचंय वहिनी,’ असं म्हणायची आणि खरंच शिकायची. तीन महिन्यांत चढावर ती तशीच बसायला लागली, तसंच पुढे झुकून, तशीच हनुवटी हँडलवर आणून. एकदा जेवताना नवरा म्हणाला, ‘अगदी तुझ्यासारखी चढते गं.’ कौतुकानेच म्हणाला, तिचंच कौतुक समजून म्हणाला. तिने हातातला घास परत ताटात ठेवला.

त्या दिवसापासून तिने पहाटे उठायला सुरुवात केली. ठमी उठायच्या आत, लॅबच्या आत, चाळीस मिनिटं. निळी एक दिवसाआड घरी असायची, तेव्हा स्वयंपाकघरात ती रोलरवर ठेवून जागच्या जागी पायडल. नसेल तेव्हा जिने. चौथ्या मजल्यापर्यंत वर, खाली, वर, खाली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना वाटलं वहिनींच्या मागे काहीतरी लागलंय. लागलं होतंच.

कारण हंगामाच्या शेवटी क्लबांची मोठी शर्यत असायची, चार जणांची टीम, एकामागून एक फेरी. त्यात एक बाई हवीच असा नियम. पाच वर्षांपूर्वी ती जागा तिची होती. आता दोघी होत्या आणि धड गाड्यांची जोडी एकच: निळी, आणि क्लबची जुनी जड गाडी, जिला सगळे ‘म्हातारी’ म्हणत. चिखलात दोन गाड्या लागतातच. एकीवर बसायचं, तोवर दुसरी धुऊन तयार ठेवायची. तेव्हा बेकरीवाल्याने तोड काढली. आधीच्या दोन शर्यतींपैकी एकीत एकीने उतरायचं, दुसरीत दुसरीने. जिचा नंबर वर, ती टीममध्ये. आणि क्लबचा रिवाज मोडायचा नाही: जी गाडीवर नाही, तिने धोबीघाटावर उभं राहायचं.

धोबीघाट म्हणजे मैदानाच्या मध्ये दोऱ्यांनी आखलेला एक चौकोन. रस्ता त्याच्या दोन्ही अंगांनी जायचा, त्यामुळे फेरीत दोनदा तिथून जाणं होई. गाडी बदलायची तर तिथेच. तिथे आपलं माणूस बादल्या, ब्रश आणि लाकडी दांडका घेऊन उभं. मळलेली गाडी घ्यायची, स्वच्छ द्यायची, मळलेली धुवायची, पुन्हा तयार. आणि या क्लबची म्हणून एक खास पद्धत होती, जी इतर क्लबांत नव्हती. गाडीवरच्याने डोकं वापरायचं नाही. बेकरीवाला सांगायचा, डोकं घाटावर ठेवून जा, पाय तेवढे घेऊन जा. धाप लागलेल्या माणसाला गाडीत काय अडकलंय ते दिसत नाही, घाटावरच्याला दिसतं. म्हणून गाडीवरच्याने लांबून ओरडायचं ‘बदल की जा?’ आणि घाटावरचा म्हणेल ते ऐकायचं. ‘बदल’ तर बदल. ‘जा’ तर जा. वाद नाही, वळून बघणं नाही.

दोन आठवड्यांपूर्वी तिची शर्यत झाली होती. चष्मेवाली घाटावर. थर्मासमधून कोमट पाणी घेऊन आलेली, चिखल लवकर सुटतो म्हणून. प्रत्येक अर्ध्या फेरीला तिने घसा ताणून ‘बदल’ म्हटलं, प्रत्येक वेळी हातात आरशासारखी गाडी दिली. शेवटी शेवटी तिचा आवाजच बसला, तर दोन्ही हात हलवायला लागली. आणि तरी गाडीवरची ती अकरावी आली. बोट दाखवायला कुणी नव्हतं. पाय कमी पडले, एवढंच. ‘काय भारी चढलात वहिनी,’ चष्मेवाली फुटक्या आवाजात म्हणाली, आणि तिला वाटलं, हिने निदान एक बादली तरी सांडायची होती.

आज चष्मेवालीची पाळी. ती दहावी किंवा त्याच्या वर आली तर जागा तिची.

तीन दिवस पाऊस पडून सकाळी थांबला होता. बंद पडलेल्या रोपवाटिकेचा उतार, नुसता राडा. पहिल्या दोन फेऱ्या पातळ चिखल होता, तो चाकावर बसत नाही, उडून जातो. पण ऊन वर आलं तशी जमीन आळायला लागली. घाटावर उभ्या असलेल्या कुठल्याही शहाण्या माणसाला माहीत असतं की हीच वेळ वाईट. आळलेल्या चिखलात गवत मिसळलं की त्याची दोरी होते. मागच्या चाकापाशी साखळी ताणून धरणारा गिअरचा एक लहानसा हात असतो, त्याच्याभोवती ती दोरी गुंडाळते, आणि जोर लावला की हात काडीसारखा मोडतो. मग गाडी म्हणजे नुसतं ओझं.

हे सगळं तिला ठाऊक होतं. ती कामही नीट करत होती, हे सांगायलाच हवं. म्हातारी येई, ती बादली ओती, ब्रश फिरवी, दांडक्याने खाचा मोकळ्या करी, अंगठ्याने टायर दाबून हवा बघे. ठमी शेजारी, गुडघ्यापर्यंत बूट, हातात लहान ब्रश, डोळ्यांवर बिनकाचेची फ्रेम. फारच मन लावून पायडल घासत होती. मध्येच तिने विचारलं की चिखलाला आंघोळ घातली तर तो कुठे जातो. ती म्हणाली, खाली. ठमीला ते पटलं.

तिसऱ्या फेरीला चष्मेवाली नववी होती. चौथीच्या सुरुवातीला आठवी. आता चौथीचं अर्धं आणि शेवटची फेरी राहिली होती.

धोबीघाटावरून तो मोठा चढ दिसायचा. वर नवरा आणि बेकरीवाला उभे. पुढच्या दोघी चढाच्या पायथ्याशी उतरल्या, गाड्या खांद्यावर टाकून पळू लागल्या. चष्मेवाली उतरली नाही. हनुवटी हँडलवर, पाठ सपाट, मागचं चाक एकदा घसरलं, पुन्हा धरलं. निळीवर होती. तिच्या निळीवर.

‘आली बघा आपली घोरपड,’ बेकरीवाल्याचा आवाज सगळ्या मैदानावर गेला.

आणि त्याच्या पाठोपाठ शीळ. दोन बोटांची, लांब, शेवटी वर वळणारी. ती शीळ जगात एकच माणूस घालत होता आणि आजवर एकाच बाईसाठी घातली होती, असा तिचा समज होता. नवऱ्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, अगं शीळच ती, तोंडातून निघाली. तेही खरंच असणार. पण तिच्या अंगातून असं काहीतरी गेलं, जसं रिकाम्या भांड्यात कुणी उकळतं पाणी ओतावं. आपली गाडी, आपला चढ, आपलं नाव, आणि आता ही शीळही. घरातलं एकेक भांडं शेजारणीकडे जावं आणि आपणच ते घासूनपुसून हातात द्यावं, तसं.

चष्मेवाली उतार उतरून घाटाकडे वळली. चेहरा चिखलाने लिंपलेला, दोन डोळे तेवढे दिसत होते.

‘बदल की जा?’

तिच्या हातात म्हातारी होती. धुतलेली, तयार. तिने निळीच्या मागच्या चाकाकडे पाहिलं. गवताची वेणी गिअरच्या हाताभोवती तीनदा फिरून बसली होती. जाड, ओली, ताणलेली. चष्म्याशिवायही दिसली असती.

‘आई,’ ठमी तिच्या कोपराशी म्हणाली, ‘चाकात गवत गेलंय. खूप गेलंय.’

‘जा,’ ती म्हणाली.

चष्मेवाली गेली. वळून न बघता, शिकवलं होतं तशी.

पुढचं मिनिट फार लांब होतं. ती म्हातारीचं हँडल धरून उभी राहिली. मनात तेवढ्यात वकील उभा राहिलाच: म्हातारी जड आहे, निळीवर ती चांगली चालली होती, अर्ध्या फेरीचा तर प्रश्न. वकील हुशार होता, पण त्याची अशील ऐकत नव्हती. रस्ता झाडांमागे जायचा आणि तिकडून काही दिसत नव्हतं. मग घाटाच्या दुसऱ्या अंगाने एकेक जणी यायला लागल्या. सात जणी पुढच्याच होत्या. आठवी आली, ती चष्मेवाली नव्हती. नववी. दहावी. न मोजायचं ठरवूनही ती मोजत होती. अकरावी गेली तेव्हा तिच्या मनात जे झालं, त्याला आनंदच म्हणतात. खोटं कशाला बोला. अगदी थोडा वेळ, गरम चहाच्या पहिल्या घोटाइतका. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या बाईपर्यंत तोही निवला आणि खाली नुसता काळा चोथा राहिला.

पंधरावी चष्मेवाली. पळत. निळी खांद्यावर, साखळी लोंबतेय, गिअरचा हात तुटून तारेला लटकलेला, चाकात घुसून दोन आरे वाकलेले. अर्धी फेरी ती तशी पळत आली होती. तिने निळी जमिनीवर टाकली नाही. धाप लागलेली असतानाही अलगद ठेवली, ‘सॉरी वहिनी’ म्हणाली, म्हातारी घेतली आणि शेवटच्या फेरीला गेली. त्या फेरीत तिने एकीला मागे टाकलं. चौदावी आली.

नंतर सगळे पाण्याच्या टाकीपाशी जमले. चष्मेवाली कोपर धूत होती. पळताना पडली होती, चांगलंच खरचटलं होतं. वाटेत रडून घेतलं असावं, पण आता हसत होती. बेकरीवाल्याने विचारलं, झालं काय, घाटावरून काय सांगितलं होतं. त्याने तिच्याकडे बघून विचारलं नव्हतं, हवेतच विचारलं होतं. तिने तोंड उघडलं.

पण चष्मेवाली आधी बोलली. ‘वहिनी “बदल”च म्हणाल्या असतील हो. माझ्या कानात नुसती धाप होती, मला “जा” ऐकू आलं. मग मीच जोरात गिअर टाकला.’ मग तिच्याकडे वळून, ‘तुमची गाडी मोडली माझ्या हातून. मी नीट करून आणते वहिनी, अगदी होती तशी.’

आता बोलायचं. एवढं सोपं होतं. नाही गं, मी ‘जा’च म्हटलं. सहा शब्दही नाहीत. रोज ती अनोळखी माणसांना सांगत असे, थोडंसं टोचेल, पटकन होऊन जाईल. तिने ओठ ओले केले.

‘चला, वाईटात चांगलं,’ बेकरीवाला म्हणाला. ‘शेवटच्या शर्यतीला आपली जुनी घोरपड. आहे ना तयारी?’ नवऱ्याने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरासा दाबला. त्या हातात इतका भाबडा अभिमान होता की तिला तो झटकावासा वाटला. चष्मेवालीने खरचटल्या हातानेच टाळी दिली. ‘आता घाटावर मी,’ ती म्हणाली, ‘थर्मास दोन आणते.’

‘बघू,’ ती म्हणाली. पाच वर्षं ज्यासाठी झुरली ते पदरात पडलं आणि तोंडातून निघालं ते एवढंच.

मंडळी सामान आवरायला पांगली. नवरा मोडकी निळी घेऊन मोटारीकडे गेला, आणि या खेपेला चाक टिकटिकलं नाही, करकरत गेलं. ती ठमीला घेऊन टाकीपाशी थांबली. बूट काढले, मोजे पिळले, एकेक पाऊल पाण्याखाली धरून बोटांच्या बेचक्यांतला चिखल आपल्या बोटाने काढायला लागली. एरवी ठमीला यात गुदगुल्या व्हायच्या, खिदळून अंग टाकून द्यायची. आज पाऊल तसंच धरू दिलं. बिनकाचेची फ्रेम काढून तिने मुठीत धरली होती.

‘दमलीस का राणी?’

ठमीने मान हलवली. नाही. मग आईच्या हातांकडे बघत खालच्या आवाजात, जणू चूक कबूल करावी तसं, तिने विचारलं,

‘आई, मी गवत सांगितलं होतं ना तुला… ते मी हळू सांगितलं का गं?’